घुमटावरची बाई आणि भिंतीवरचं माकड

१९७९ साल असावं. मी तेव्हा नऊ वर्षांचा. सोलापूरहून रात्रीच्या गाडीनं अब्बांबरोबर पहिल्यांदा मुंबईला आलो. अब्बा शिलाईकाम करायचे. स्वतःचं दुकान नव्हतं, एका शेठच्या दुकानात मशीनवर बसायचे. मंगलदास मार्केटमधून अस्तराचं कापड आणायला शेठनं त्यांना पाठवलं होतं, आणि माझ्या हट्टापुढे हार मानून त्यांनी मला बरोबर घेतलं होतं. व्हीटीच्या बाहेर आलो, रस्ता ओलांडला आणि अब्बा थांबले. वर बोट करून म्हणाले, ‘‘वो देख, रानी. इंग्रेजां की रानी.’’

मी पाहिलं. उंच घुमटाच्या टोकावर एक बाई उभी होती. हात वर केलेला. सकाळच्या उन्हात तिचा चेहरा दिसत नव्हता, पण राणी म्हटल्यावर ती राणीच दिसायला लागली. आमच्या घरात भिंतीवर चित्र नसायचं. एक चौकट होती, तिच्यात सुबक वळणाची अक्षरं होती. त्यामुळे दगडाचा माणूस एवढ्या उंचावर उभा असलेला पाहून मी थक्क झालो. पुढं कितीतरी वर्षं, कॉलेजात जाऊन बी.ए. झालो तरी, ती बाई माझ्या लेखी राणी व्हिक्टोरियाच होती.

ती राणी नाही. हा गैरसमज माझा एकट्याचाच नव्हता. निम्मी मुंबई त्या बाईला राणी समजत आली आहे. त्याचं कारणही सरळ आहे. इमारतीचं नावच व्हिक्टोरिया टर्मिनस होतं. मग माथ्यावर दुसरी कोण असणार? राणीचा पुतळा होता खरा, पण तो खाली, दर्शनी भागातल्या घड्याळाखालच्या कोनाड्यात. स्वातंत्र्यानंतर तो तिथून हलवला. वरची बाई मात्र जागच्या जागी राहिली, कारण ती कुणी व्यक्तीच नव्हे. तिचं नाव ‘प्रगती’. तिच्या उजव्या हातात उंचावलेली मशाल आहे आणि डाव्या हाताशी आऱ्यांचं चाक. खालून ती बोटभर दिसते, पण प्रत्यक्षात माणसाच्या दुपटीहून उंच आहे.

आता प्रश्न असा, की रेल्वे स्टेशनच्या डोक्यावर ‘प्रगती’ नावाची बाई उभी करावी असं कुणाला आणि का वाटलं? त्याचं उत्तर शोधायचं तर आधी दुसरा एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण जिला स्टेशन म्हणतो, ती देखणी इमारत मुळात स्टेशन नाहीच. ती कचेरी आहे.

पुन्हा कधी गेलात तर नीट बघा. गाड्या उभ्या राहतात त्या मागच्या बाजूला, लांबच लांब छपराखाली. पुढची घुमटाची, कमानींची, मनोऱ्यांची इमारत ही ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ म्हणजे जीआयपी कंपनीची मुख्य कचेरी म्हणून बांधली गेली. देवळात घुमट गाभाऱ्यावर असतो, मशिदीत नमाजाच्या जागेवर. इथला घुमट कशावर आहे? प्रवाशांवर नाही, गाड्यांवर नाही. तो आहे कचेरीच्या भव्य जिन्यावर. साहेब लोक, हिशेबनीस, कारकून ज्या जिन्यानं वर जायचे, त्या जिन्याच्या डोक्यावर. एवढ्या एका गोष्टीवरून कळतं, की या वास्तूचा मान कुणासाठी होता.

ही कंपनी साधीसुधी नव्हती. १८४९ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्यानं ती लंडनमध्ये स्थापन झाली. भागधारक बहुतेक विलायतेतले. त्यांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी ईस्ट इंडिया कंपनीनं दिली होती. म्हणजे धंदा चालो न चालो, व्याज मिळणार, आणि कमी पडलं तर ते हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघणार. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, चौतीस किलोमीटर. पंचवीस वर्षांत रूळ घाट चढून दूरवर पोचले. कापूस मुंबईच्या बंदरात येऊ लागला, विलायती माल आत जाऊ लागला. तेव्हा कंपनीला आपल्या ऐपतीला शोभेल अशी कचेरी हवीशी वाटली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशिल्पकाराला काम दिलं गेलं. १८७८ साली बांधकाम सुरू झालं, १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात इमारतीला तिचं नाव दिलं, आणि १८८८ मध्ये काम पुरं झालं. दहा वर्षं आणि सुमारे सोळा लाख रुपये.

व्यापारी कंपनीची कचेरी म्हणजे काय असतं हो? टेबलं, खुर्च्या, चोपड्या आणि तिजोरी. त्यासाठी चार भिंती पुरतात. पण व्हिक्टोरियन काळातल्या कंपन्यांना, बँकांना, विमा कचेऱ्यांना आणखी एका गोष्टीची गरज होती. लोकांचा विश्वास. ज्यांचा चेहरा कधी दिसत नाही अशा परक्या माणसांच्या हाती पैसा द्यायचा, माल द्यायचा, जीव द्यायचा, तर समोर भक्कम काहीतरी दिसायला हवं. तेव्हा जाहिरातीचे फलक, टीव्ही काही नव्हतं. भिंत हीच जाहिरात. लंडनपासून मुंबईपर्यंत त्या काळच्या व्यापारी इमारतींवर म्हणूनच इतकी शिल्पं दिसतात. ती शोभेसाठी असतात हे खरं, पण नुसती शोभेसाठी नसतात. तो मजकूर असतो, आणि तो वरून खाली वाचायचा असतो.

चला, आपण तसाच वाचू.

सगळ्यात वर ‘प्रगती’. तिच्याखाली, इमारतीच्या त्रिकोणी माथ्यांवर तिच्या मैत्रिणी: अभियांत्रिकी, शेती, व्यापार. या सगळ्या बायकाच आहेत. युरोपात ही जुनी रीत. लॅटिनमध्ये आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांत अशा अमूर्त कल्पनांची नावं बहुधा स्त्रीलिंगी, म्हणून त्यांना स्त्रीचं रूप. आपल्याकडेही विद्या म्हणजे सरस्वती आणि धन म्हणजे लक्ष्मी, त्यामुळे आपल्याला त्यात वावगं वाटत नाही. फरक एवढाच, की सरस्वतीला आपण वीणेवरून, हंसावरून किंवा मोरावरून लगेच ओळखतो. या परक्या देवतांच्या हातातल्या वस्तू मात्र ओळखायला आपल्याला कुणी शिकवलं नाही. म्हणून ‘प्रगती’ची राणी होते.

या मोठ्या मूर्ती थॉमस अर्प नावाच्या इंग्लिश शिल्पकाराच्या. लंडनमध्ये चेरिंग क्रॉस स्टेशनच्या पुढ्यात दगडी स्मारकस्तंभ आहे, ‘एलिनॉर क्रॉस’ म्हणतात त्याला. त्यावरचं १८६० च्या दशकातलं कोरीव काम याच अर्पचं. म्हणजे रेल्वेच्या दारात दगड बोलका करणं हा त्याचा हातखंडा होता म्हणायचा.

इथे मी, सोलापूरचा माणूस, जरा थबकतो. माथ्यावरच्या त्या ‘शेती’कडे पाहताना मला एक साल आठवतं. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता. सोलापूर, नगर, पुणे, सातारा हे जिल्हे त्यात होरपळले. माणसं गावं सोडून खडी फोडायला सरकारी कामांवर गेली. आणि ज्या साली तो दुष्काळ सरला, त्याच साली इथे ‘शेती’ आणि ‘प्रगती’ मिरवणाऱ्या इमारतीचं काम सुरू झालं. रेल्वेनं दुष्काळी भागात धान्य आणलं, हे खरं. रेल्वेनंच धान्य बाहेरच्या बाजारात नेणं सोपं केलं, हेही खरं. माथ्यावरची मूर्ती यातलं काहीच सांगत नाही. ती फक्त कंपनीला जे दिसावंसं वाटत होतं ते सांगते. जाहिरातीचा स्वभावच तो. शिल्प सुंदर आहे, पण ते कुणाच्या पैशानं बोलतंय हे विसरून चालत नाही.

आता नजर थोडी खाली आणा. दर्शनी भागावर दगडात कोरलेले चेहरे दिसतील. त्यातले काही कंपनीच्या संचालकांचे आणि संबंधित बड्या लोकांचे. त्यांत गोऱ्यांबरोबर दोन आपलेही आहेत: सर जमशेटजी जीजीभॉय आणि जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना. मुंबईत रेल्वे यावी म्हणून १८४० च्या दशकापासून खटपट करणाऱ्यांत हे दोघं पुढे होते. जमशेटजी १८५९ साली वारले, नाना १८६५ साली. इमारत त्यांनी पाहिली नाही, पण इमारतीनं त्यांना ठेवून घेतलं.

त्याच भिंतीवर आणखीही चेहरे आहेत. कुणाच्या डोक्यावर पगडी, कुणाला पागोटं, कुणाचा फेटा निराळ्याच बांधणीचा. हे हिंदुस्थानातले निरनिराळे समाज. म्हणजे रेल्वेत बसणारी, रेल्वेवर राबणारी, रेल्वेला माल देणारी जनता. संचालकांना नावं आहेत. या चेहऱ्यांना नावं नाहीत, फक्त नमुने आहेत. डोक्यावरचं बांधलेलं कापड हीच त्यांची ओळख. शिंप्याचा मुलगा असल्यामुळे मी त्या पागोट्यांच्या चुण्या निरखून पाहतो, आणि सांगतो, ज्यानं त्या कोरल्या त्याला कापड कसं वळतं, कसं पडतं, हे ठाऊक होतं.

अजून खाली, फाटकाच्या खांबांवर दोन जनावरं बसली आहेत. एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे हिंदुस्थान. दोघांची बैठक सारखी, उंचीही सारखी. कागदावर जी बरोबरी कधी नव्हती ती दगडात मात्र मोठ्या ऐटीत बसली आहे.

आणि आता अगदी आपल्या डोळ्यांच्या टप्प्यात या. खिडक्यांच्या कमानींत, खांबांच्या शिरांवर, जिन्याच्या कठड्याशी. इथे प्रगती नाही, व्यापार नाही. इथे आहेत मोर, पिसारा पसरून अख्खी अर्धगोल कमान भरून टाकणारे. इथे माकडं आहेत, घुबडं आहेत, उंदीर आहेत. वेली आहेत, पानं आहेत, आणि पानांतून डोकावणारी चिमुकली तोंडं आहेत. मला नेहमी हसू येतं. कोट्यवधींचा माल वाहणाऱ्या कंपनीच्या मुख्य कचेरीवर उंदीर! मालधक्क्यावरच्या कुठल्या कारकुनाला विचारलं असतं, तर त्यानं हात जोडून सांगितलं असतं, बाबांनो, दुसरं काहीही कोरा.

ही माकडं-मोरं कुणी कोरली? रस्त्यापलीकडच्या, हाकेच्या अंतरावरच्या कलाशाळेतल्या मुलांनी. सर ज. जी. स्कूल ऑफ आर्ट. इथे एक गंमत बघा. जमशेटजींनी १८५३ साली कलाशाळेसाठी एक लाख रुपये दिले, १८५७ मध्ये शाळा सुरू झाली. ज्या जमशेटजींचा चेहरा भिंतीवर आहे, त्यांच्याच दानातून निघालेल्या शाळेतली मुलं त्याच भिंतीवर काम करत होती.

हे सगळं काम लॉकवूड किपलिंगनं केलं, असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते बरोबर नाही. लेखक रुडयार्ड किपलिंगचे हे वडील १८६५ साली शाळेत वास्तूवरची शिल्पकला शिकवायला आले, आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं त्यांची आहेत. पण १८७५ मध्ये ते लाहोरला गेले. व्हीटीचं काम त्यानंतर तीन वर्षांनी सुरू झालं. त्या वेळी शाळेची धुरा जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे होती. हेच ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत शाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते, तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला. म्हणजे एकाच शाळेत, एकाच काळात, एकीकडे अजिंठ्याचे हत्ती, हंस आणि वेलबुट्टी कागदावर-कापडावर उतरत होती, आणि दुसरीकडे बोरीबंदरच्या दगडावर मोर उमटत होते. या हाताचं त्या हाताला काहीच लागलं नसेल, असं मला तरी वाटत नाही.

पण कंपनीनं हे चालू कसं दिलं? याचं कारण इमारतीच्या शैलीत आहे. ही शैली गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या चर्चची, टोकदार कमानींची. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तिचं पुनरुज्जीवन झालं. त्या चळवळीचा मोठा विचारवंत जॉन रस्किन. १८५१ ते १८५३ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘स्टोन्स ऑफ व्हेनिस’ या ग्रंथात त्यानं असं मांडलं, की जुन्या गॉथिक कामाचं मोल त्याच्या सफाईत नाही; साध्या कारागिराला तिथे स्वतःची बुद्धी चालवायला मिळाली, यात आहे. कारागिरानं भोवतालचा निसर्ग पाहावा आणि चुकतमाकत का होईना, स्वतःच्या हातानं कोरावा. हा विचार समुद्र ओलांडून मुंबईत आला, तेव्हा भोवतालचा निसर्ग म्हणजे ओकची पानं उरली नाहीत. इथे माकड आलं, मोर आला. वरचा मजकूर कंपनीनं सांगितला. खालच्या ओळींत मुलांना थोडी मोकळीक मिळाली, आणि त्यांनी आपलं अंगण तिथे आणून बसवलं.

हे काम व्हायचं कसं, तेही थोडं समजून घेऊ. त्या काळची पद्धत साधारण अशी होती. आधी कागदावर चित्र. मग मातीचा नमुना. त्यावरून प्लास्टरचा ओतीव नमुना. तो समोर ठेवून, मापं घेत घेत दगडावर उतरवायचं. पुष्कळदा दगड आधी ओबडधोबड अवस्थेतच भिंतीत बसवायचे आणि मग परातीवर उभं राहून, म्हणजे बांबू आणि फळ्यांच्या मचाणावर, जागेवरच छिन्नी-हातोडीनं कोरायचे. नाजूक नक्षी आधी कोरली आणि चढवताना दगड निसटला, तर सगळीच मेहनत वाया.

दगडाची निवडही विचारपूर्वक असे. आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, वजन पेलायला उत्तम, पण कोरायला चिवट. बारीक पिसाऱ्यासाठी तो वापरला तर दहा वर्षांची वीस व्हायची. म्हणून कोरीव कामासाठी काठियावाडातून गलबतांनी आणलेला पोरबंदरचा दगड. हा चुनखडीचा, फिकट रंगाचा. खाणीतून ताजा काढला की छिन्नीला सहज वश होतो आणि हवा लागली की टणक होतो.

इमारतीच्या कोपऱ्यांवरून बाहेर झेपावलेली जनावरांची तोंडं तुम्ही पाहिली असतील. भुतंखेतं वाटतात. मुळात ती पन्हळं आहेत. छपरावरचं पाणी भिंतीवरून ओघळलं तर सांधे खातं, म्हणून ते तोंडावाटे दूर फेकायचं. आपल्या देवळांतलं गोमुख आणि हे गॉथिक तोंड, कल्पना एकच. मुंबईच्या पावसात तिची किंमत वेगळी सांगायला नको.

आता नावांकडे वळतो, कारण मला खरं बोलायचंय ते त्याबद्दल. इमारतीच्या इतिहासात स्टीव्हन्सचं नाव आहे. अर्पचं आहे. ग्रिफिथ्सचं आहे. स्टीव्हन्सच्या हाताखाली सहायक अभियंता रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते आणि देखरेखीला एम. एम. जनार्दन होते, ही दोन नावंही टिकली, याचा आनंद आहे. पण ज्यानं मोराचा पिसारा कोरला त्याचं नाव? माकडाच्या चेहऱ्यावर तो खट्याळपणा आणला त्याचं? ‘कलाशाळेचे विद्यार्थी आणि स्थानिक कारागीर’ एवढ्या एका ओळीत सगळे हात मिटले गेले.

अब्बा थकले होते, सोलापुरात घरीच असायचे, तेव्हा मी एकदा त्यांना सांगितलं, ‘‘अब्बा, वो रानी नहीं थी.’’ आणि ही सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग विचारलं, ‘‘ऊपर की औरत किसने बनाई?’’ मी म्हणालो, अर्प नावाचा एक साहेब. ‘‘और नीचे के बंदर?’’ मी म्हणालो, नाव मिळत नाही. अब्बा हसले. म्हणाले, ‘‘मतलब लेबल सेठ का.’’

त्यांनी आयुष्यभर शिवलेल्या प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरमागे एक छोटी पट्टी असायची. तिच्यावर दुकानाचं नाव. ती पट्टीसुद्धा तेच शिवायचे, स्वतःच्या हातानं. त्यात त्यांना कधी अन्याय वाटला नाही, निदान बोलून दाखवला नाही. पण दुसऱ्याच्या अंगावरचा सदरा लांबून पाहून ते सांगायचे, हा माझ्या हातचा. कसं ओळखलं म्हणून विचारलं तर म्हणायचे, खांदा बघ.

मी कविता लिहितो. गझलेच्या शेवटच्या शेरात कवी आपलं नाव गुंफतो, त्याला मक्ता म्हणतात. चार ओळी लिहिणाऱ्या माणसाला एवढी सोय आहे. दहा वर्षं उन्हात परातीवर उभं राहणाऱ्याला नाही. पण अब्बांच्या बोलण्यानंतर मी त्या भिंतीकडे निराळ्या नजरेनं पाहायला लागलो. नाव नसेल, पण खांदा आहे. एका मोराची मान दुसऱ्या मोरासारखी नाही. एका खांबावरची पानं घाईत कोरलेली, दुसऱ्यावरची सावकाश. हात वेगवेगळे होते, हे दगड अजून सांगतो.

स्टीव्हन्सची आणखी एक कचेरी मुंबईत आहे, चर्चगेटला. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया या दुसऱ्या रेल्वे कंपनीची, १८९९ मध्ये पुरी झालेली. आता पश्चिम रेल्वेची. तिथे तर स्टेशनचा आवच नाही, सरळ सरळ कचेरी. तिच्या माथ्यावर रॉस्को मलिन्स या शिल्पकाराची ‘अभियांत्रिकी’ उभी आहे. तिच्या हातात काय आहे ठाऊक आहे? एक रेल्वे इंजिन आणि एक चाक. मुलानं खेळणं धरावं तसं इंजिन हातात! दोन्ही इमारती पाहिल्या की स्टीव्हन्स आणि त्याचे मालक काय म्हणत होते ते स्पष्ट कळतं: यंत्र आमच्या मुठीत आहे. पुढच्याच वर्षी, १९०० मध्ये, स्टीव्हन्स मुंबईतच हिवतापानं गेला. इंजिन मुठीत आलं होतं, डास आला नव्हता.

दगडालाही आयुष्य असतं, आणि पोरबंदरच्या दगडाचं तर फार नाजूक. समुद्राची खारी हवा त्याच्या छिद्रांत शिरते, मीठ साचतं, आतून फुगतं, आणि पापुद्रे सुटतात. १९२५ साली व्हीटीहून कुर्ल्याला देशातली पहिली विजेवरची गाडी गेली, पण त्याआधी आणि नंतरही इंजिनांचा कोळशाचा धूर होताच; मग मोटारींचा आला. धुरातलं गंधक पावसात मिसळून चुनखडीचा जिप्सम करतं आणि काळी खपली धरते. खपली पडली की तिच्याबरोबर पिसाऱ्यावरची रेघ जाते. सगळ्यात मोठा शत्रू मात्र आपली घाई. तुटलेल्या नाकाला सिमेंट थापलं, काळवंडलेल्या पानांवर तैलरंग फासला, की दगडाचा श्वास कोंडतो. ओल आत अडकते आणि नवी डागडुजी जुन्या दगडालाच खाते. चुन्याचं काम चुन्यानंच दुरुस्त करावं, हे जाणकार सांगतात. ते काम संथ असतं, खर्चिक असतं आणि त्याला शिकलेले हात लागतात. हे हात तयार करणं म्हणजे त्या अनाम मुलांना दिलेली खरी दाद.

त्या वास्तूवर पुष्कळ काळ उलटला आहे. कंपनी गेली, १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली आणि तिचं मुख्यालय तिथे आलं. १९९६ साली नाव बदलून छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडलं गेलं. २००४ साली युनेस्कोनं तिला जागतिक वारसा ठरवलं. राणीचा कोनाडा रिकामा झाला. भिंतीवरच्या संचालकांना आज कुणी ओळखत नाही. जो मजकूर कंपनीनं एवढे पैसे खर्चून लिहवून घेतला तो वाचणारं कुणी उरलेलं नाही; मशालवाल्या ‘प्रगती’ला आपण राणी समजतो. पण मोराला मोर आणि माकडाला माकड कुठलंही नऊ वर्षांचं पोर आजही ओळखतं. त्यासाठी लॅटिन लागत नाही की इतिहास लागत नाही.

पुढच्या वेळी तिकिटाच्या रांगेत उभे राहाल, आणि मुंबईत रांग काही चुकत नाही, तेव्हा मोबाइल मिनिटभर खिशात ठेवा आणि खांबाच्या माथ्याकडे बघा. पानं कोरलेली दिसतील. बरोबर मूल असेल तर त्यालाही दाखवा. त्यानं विचारलं, हे कुणी केलं, तर चुकूनही ‘इंग्रजांनी’ म्हणू नका. म्हणा, नाव माहीत नाही. पण समोरच्या शाळेत शिकणारी मुलं होती, आणि त्यांचा हात बघ कसा होता.